एल्सेकर कसं पाहावं: वाड्याआधी खाणीचं गाव

इंग्लंडच्या साउथ यॉर्कशरमध्ये वेंटवर्थ वुडहाउस नावाचा वाडा आहे. त्याचा पूर्वेकडचा दर्शनी भाग ६०६ फूट लांब. बहुतेक लोक गाडीने थेट तिथे जातात, समोरच्या हिरवळीवर फोटो काढतात, चहा पितात आणि परततात. ज्या दगडी कोळशाने हा वाडा पुढे दीडशे वर्षं पोसला, त्याचं गाव टेकडीपलीकडे तासाभराच्या चालीवर आहे. त्याचं नाव एल्सेकर. अर्ल फिट्झविलियम या उमराव घराण्याने स्वतःच्या जमिनीखालचा कोळसा काढायला खाणी, लोखंडाच्या भट्ट्या, कालवा, कारखाना, मजुरांच्या चाळी आणि चर्च असं सगळं एकाच दरीत उभं केलं. त्यातलं बरंच अजून जागेवर आहे, काही पडकं, काही डागडुजी केलेलं, काही झुडपांत गडप.

आमचा सल्ला असा की आधी एल्सेकर पाहा आणि वाडा शेवटी. एल्सेकरमध्ये फिरताना डोक्यात एकच प्रश्न ठेवा: पाण्याचं काय केलं? तिथली जवळजवळ प्रत्येक जुनी वास्तू या प्रश्नाचं उत्तर आहे.

निघण्याआधी घरी

ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर २७८ (शेफील्ड आणि बार्न्सली) हा १:२५,००० चा नकाशा घ्या, कागदी किंवा फोनवरचा. त्यावर हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या सार्वजनिक पायवाटा हाच तुमचा रस्ता. इंग्लंडमध्ये शेतजमिनीतून वाट्टेल तिथून जाता येत नाही, पण या वाटांवरून जायचा तुमचा हक्क आहे, मग त्या कुणाच्याही शेतातून जात असोत.

दुसरं काम नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर. तिथे इंग्लंडचेही जुने सर्व्हे नकाशे फुकट पाहता येतात, आणि जुना नकाशा व आजचं उपग्रहचित्र शेजारी शेजारी लावता येतं. एल्सेकर शोधा, १८९० ते १९१० च्या आसपासचा सहा इंची (मैलाला सहा इंच) नकाशा लावा आणि त्यातल्या खाणी, जुने शाफ्ट (खाणीत उतरणारे विहिरीसारखे उभे खड्डे), कालव्याचं टोक आणि रुळांचे फाटे आपल्या नकाशावर पेन्सिलीने उतरवून घ्या. अर्धा तास लागतो. हे न करता गेलात तर झाडीतला उंचवटा नुसताच उंचवटा दिसेल, आणि तो कचऱ्याचा ढीग होता की रुळांचा भराव हे कळणार नाही.

तिसरं म्हणजे बंद खाणींची जबाबदारी ज्या सरकारी खात्याकडे आहे (पूर्वीची कोल अथॉरिटी, आताची मायनिंग रिमेडिएशन अथॉरिटी), त्याचा नकाशा. त्यावर नोंद असलेल्या खाणींची तोंडं ठिपक्यांनी दाखवलेली असतात. ज्या झाडीत शिरायचा मोह होईल तिथे ठिपके किती आहेत ते आधी पाहा, मोह बहुधा आपोआप ओसरतो.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहा. न्यूकोमेन इंजिन (खाणीतलं पाणी उपसणारं जुनं वाफेचं यंत्र) रोज उघडं नसतं, ते आत जाऊन पाहायला ठरलेले दिवस असतात आणि जागा राखून ठेवावी लागते. हेमिंगफील्डची खाण स्वयंसेवक सांभाळतात, तीही ठराविक दिवशीच उघडते. दोन्ही एकाच दिवशी जमले तर उत्तम, पण एकच जमणार असेल तर इंजिन धरा.

ऋतूचं म्हणाल तर मार्चचा शेवट आणि एप्रिलचा पहिला पंधरवडा. झाडांना पानं आलेली नसतात, खाजऱ्या नेटल झुडपांनी वाटा अडवलेल्या नसतात आणि तिरप्या उन्हात जमिनीतले चढउतार उठून दिसतात. जून-जुलैत हवा छान असते, पण हिरवाईखाली अर्ध्या खुणा बुडालेल्या असतात. डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, तेव्हा टेकडी ओलांडून वाड्यापर्यंत चालायचा बेत सोडा.

पोचायचं कसं

शेफील्डहून बार्न्सलीमार्गे लीड्सकडे जाणाऱ्या लोहमार्गावर एल्सेकर स्टेशन आहे. शेफील्डपासून साधारण वीस मिनिटं. इथे एक चूक हमखास होते: याच मार्गावरच्या जलद गाड्या एल्सेकरला थांबत नाहीत, थेट बार्न्सलीला नेऊन सोडतात. फलाटावरच्या पाटीवर एल्सेकरचं नाव वाचल्याशिवाय चढू नका. स्टेशनातून उतार उतरून दहा-पंधरा मिनिटांत जुन्या कारखान्याच्या आवारात पोचता.

बूट घोट्याला धरणारे हवेत. इथली माती चिकण आहे, पावसानंतर तळव्याला किलोभर चिकटते. स्वच्छतागृह आणि खाण्यापिण्याची सोय आवाराच्या बाजूला आहे, पुढे टेकडी ओलांडून वेंटवर्थ गाव येईपर्यंत काही नाही. डब्यात पोळीभाजी असली तर तळ्याकाठचं बाक चांगलं. आईबाबा सोबत असतील आणि गुडघे कुरकुरत असतील, तर आवार, चाळी आणि तळं एवढंच त्यांच्यासोबत करा, वाड्याला गाडीने जा.

इंजिन: इथे घाई करू नका

आवाराच्या बाजूला उंच, अरुंद दगडी इमारत दिसते आणि तिच्या भिंतीतून लोखंडी दांडा बाहेर आलेला असतो. हे १७९५ साली बसवलेलं न्यूकोमेन पद्धतीचं वाफेचं इंजिन. जगात या जातीचं जे इंजिन मूळच्याच जागी उरलं आहे, ते हे एकटंच.

आत जाण्याआधी बाहेरून भिंती पाहा. ज्या भिंतीवर दांडा टेकला आहे ती बाकीच्यांपेक्षा जाड आहे. दांड्याचं, पंपाच्या सळयांचं आणि त्यातल्या पाण्याचं सगळं वजन ती एक भिंत झेलते, म्हणजे इमारत हाच यंत्राचा सांगाडा. ही खूण पाठ करून ठेवा. इंग्लंडमध्ये कुठेही छप्पर उडालेली उंच इमारत दिसली आणि तिची एकच भिंत जाड असली, तर ते इंजिनघर होतं आणि त्या भिंतीच्या बाहेरच्या अंगाला शाफ्ट आहे. तिकडे जायचं नाही, हेही त्यातच आलं.

कोकणातल्या वाडीत विहिरीवरची लाट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे यंत्र लगेच उमगेल. लांब दांडा मधोमध टेकलेला, एका टोकाला पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला वजन. इथे पाण्याच्या बाजूला खाणीत उतरणाऱ्या पंपाच्या सळया आहेत आणि दुसऱ्या बाजूला सिलिंडरमधला दट्ट्या. सळया जड, म्हणून विसावलेल्या अवस्थेत त्यांची बाजू खाली आणि दट्ट्या वर असतो. दट्ट्याखाली वाफ भरते. तिचा दाब हवेच्या दाबापेक्षा जेमतेम जास्त, ती काही दट्ट्या ढकलत नाही. मग सिलिंडरच्या आत थंड पाण्याची पिचकारी मारतात. वाफेचं पाणी होतं, आत पोकळी होते आणि वरची मोकळी हवा दट्ट्याला खाली दाबते. दांडा कलतो, सळया वर येतात आणि पाणी उपसलं जातं. झडप उघडून पुन्हा वाफ सोडली की सळया आपल्या वजनाने खाली जातात आणि पुढचा फेरा सुरू होतो.

थोडक्यात, काम हवा करते, वाफ नव्हे. म्हणूनच सिलिंडरला वरून झाकण नाही. मार्गदर्शक वरच्या मजल्यावर नेईल तेव्हा खाली वाकून हे उघडं तोंड पाहा. चालू इंजिनात दट्ट्यावर पाण्याचा थर ठेवत, म्हणजे कडेच्या फटीतून हवा आत शिरत नसे. सध्याचा सिलिंडर १८०१ मध्ये बदललेला आहे, व्यास ४८ इंच. हिशोब सोपा आहे: क्षेत्रफळ सुमारे १.१७ चौरस मीटर, आणि हवेचा दाब दर चौरस मीटरला दहा टनांहून थोडा जास्त. पोकळी पूर्ण झाली असती तर बारा टन ओढ मिळाली असती. पण पिचकारीने वाफ पूर्ण निवत नाही, थोडी हवाही आत राहते, त्यामुळे अशा इंजिनांत निम्म्याच्या आसपास, म्हणजे सहा टनांच्या मागेपुढे ओढ हाती लागे. तेवढ्यावर हे यंत्र मिनिटाला ६०० गॅलनपर्यंत, म्हणजे २,७०० लिटरच्या घरात पाणी उपसू शकत होतं.

इथे चौकस माणसाला प्रश्न पडायला हवा. जेम्स वॉटचं सुधारलेलं इंजिन १७९५ मध्ये बाजारात होतं. न्यूकोमेनचं यंत्र दर फेऱ्याला सिलिंडर थंड करतं आणि पुन्हा तापवत बसतं, त्यामुळे कोळसा खूप खातं. वॉटने वाफ निववायचं भांडं वेगळं करून हा नास थांबवला होता. मग अर्लने जुनाट यंत्र का घेतलं? कारण वॉटच्या पेटंटची मुदत १८०० पर्यंत होती आणि त्याच्या कंपनीला वाचलेल्या इंधनाच्या किमतीचा एक तृतीयांश भाग द्यावा लागे. इथे तर इंजिन खाणीच्याच तोंडाशी उभं. गिऱ्हाईक घेत नाही असा बारीक चुरा बॉयलरमध्ये घालायचा, त्याला किंमत नाही. फुकटचं इंधन वाचवण्यासाठी पैसे कोण मोजणार? ज्याची स्वतःची खाण आहे त्याला उधळं यंत्रच स्वस्त पडतं.

मूळचा लाकडी दांडा १८३६ मध्ये जाऊन ओतीव लोखंडाचा आला. विजेचे पंप आल्यावर १९२३ मध्ये इंजिन थांबलं. पुढे एकदा विजेचे पंपच पाण्याखाली गेले, तेव्हा थोडा काळ या म्हाताऱ्याला पुन्हा जुंपावं लागलं. २०१४ मध्ये दुरुस्ती पुरी झाली, पण आता ते वाफेवर चालत नाही. दांडा हलवून दाखवायला तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा बसवली आहे. मुलांना धूर आणि शिट्टीचं आमिष दाखवून नेऊ नका, हिरमुसतील.

कारखान्याचं आवार

१८५० च्या सुमारास रेल्वे आली आणि जहागिरीच्या दुरुस्तीचे कारखाने एका आवारात आले: लोहारकाम, सुतारकाम, यंत्रांचे भाग. खाणी १९४७ मध्ये सरकारच्या ताब्यात गेल्यावर ते राष्ट्रीय कोळसा मंडळाकडे गेले. आता तिथे दुकानं आहेत आणि बार्न्सली कौन्सिल देखभाल करते. दुकानांच्या पाट्यांच्या वर नजर ठेवून चाला. भिंतीत बुजवलेल्या कमानी, दोन वेगळ्या दगडांच्या जोडाची उभी रेघ, गंजलेले कोयंडे यांतून इमारत किती वेळा बदलली ते कळतं. अर्लच्या पाहुण्यांसाठी इथे १८७० चं खासगी स्टेशनही आहे. डॉनकॅस्टरच्या घोड्यांच्या शर्यतींना मंडळी इथून रेल्वेने निघत.

लोखंडाच्या भट्ट्यांचं मात्र डोळ्यांना दिसेल असं फार थोडं उरलं आहे. १७९५ ला सुरू झालेला हा धंदा १८८० च्या दशकात बसला. त्याची साक्ष पायाखाली सापडते: काचेसारखा चमकणारा, निळसर किंवा हिरवट, बुडबुड्यांच्या छिद्रांचा तुकडा म्हणजे भट्टीची मळी. तो हातात घ्या, पाहा आणि तिथेच ठेवा. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत १९७९ च्या कायद्याने परवानगीशिवाय मेटल डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे, उकरणं तर त्याहून वाईट.

चाळी

आवाराला लागून ओल्ड रो आणि थोड्या अंतरावर १८३७ ची रिफॉर्म रो. खाणमजुरांची घरं म्हणून पाहायला गेलात तर चकित व्हाल, इतकी ती नीटस आहेत. १८४५ च्या एका सरकारी अहवालात एल्सेकरच्या घरांचं वर्णन आहे: चार खोल्या, एक कोठीची खोली, मागे लहानसं परसू, राखेचा खड्डा, डुकराचं खुराडं आणि बाग. मालक उदार होता असं कौतुकाने सांगितलं जातं. होताही. पण घर मालकाचं, म्हणजे नोकरी गेली की छप्परही गेलं, हेही तितकंच खरं. या घरांत आजही लोक राहतात. खिडक्यांत कॅमेरे रोखू नका, फोटो रस्त्याच्या पलीकडून घ्या.

तळं आणि कालवा

गावाबाहेरचं एल्सेकरचं तळं नैसर्गिक नाही. कालव्याला पाणी पुरवण्यासाठी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांध घालून ते केलं. विसाव्या शतकात शहरी लोक हवा खायला यायला लागले आणि ‘एल्सेकर-बाय-द-सी’ असं थट्टेचं नाव पडलं. समुद्र तिथून कितीतरी लांब.

कालवा कारखान्याजवळच्या टोकापासून सुरू होतो. डर्न अँड डव्ह कालव्याची ही शाखा, जहागिरीचा कोळसा बोटींनी बाहेर नेणारी. सुरुवातीच्या भागात अजून पाणी आहे आणि काठाने चालायची वाट आहे. चालताना दोन्ही काठ आजूबाजूच्या जमिनीपेक्षा कुठे उंच होतात ते पाहा. खालचा कोळसा काढला की वरची जमीन खचते, पण कालव्यातलं पाणी काही खचत नाही, ते समपातळीतच राहणार. मग काठ वाढवत बसावं लागतं. वाढवून वाढवून खर्च परवडेना आणि गळती थांबेना, अशी या कालव्याची गत झाली. ज्या कोळशासाठी तो खणला त्याच कोळशाने त्याला बुडवलं.

या वाटेने साधारण दोन किलोमीटर गेलं की हेमिंगफील्डची खाण लागते, १८४० च्या दशकातली. कोळसा काढणं १९२० मध्ये थांबलं तरी इथून पाणी उपसणं अनेक दशकं चालूच ठेवलं. कारण जमिनीखाली खाणी एकमेकींना जोडलेल्या असतात, एक बंद करून पंप थांबवला की तिचं पाणी शेजारच्या चालू खाणीत शिरतं. या भागातल्या एखाद्या ओढ्याच्या तळाशी नारिंगी गाळ दिसला तर तोही याच गोष्टीचा पुढचा भाग: कोळशातल्या गंधकयुक्त लोहखनिजाला हवा आणि पाणी लागतं, लोह विरघळतं आणि उघड्यावर आल्यावर गंज होऊन बसतं.

वाटेवर विटकरी रंगाची खडी दिसेल. खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीच्या ढिगांत कोळशाचा अंश असे, ते आतल्या आत पेटत आणि माती भाजून लाल होई. पुढे तीच रस्त्यांवर टाकत. बर्चच्या पांढऱ्या खोडांची एकाच वयाची दाट झाडी दिसली की खाली बहुतेक असाच ढीग आहे.

जिथे चुकतं

झाडीत गोल कुंपण आणि मधोमध खोलगट जागा, हे बुजवलेल्या शाफ्टचं लक्षण. जुन्या काळी तोंडावर लाकडं टाकून वर माती लोटत. लाकूड कुजतं आणि शंभर वर्षांनी एका माणसाच्या वजनाने खाली जातं. कुंपण ओलांडू नका, आणि कुंपण नसलेला ताजा खड्डा दिसला तर कडेपासून लांब राहून पोलिसांना कळवा. बोगद्याच्या किंवा तळघराच्या तोंडात टॉर्च घेऊन डोकावणंही नको. बंद खाणीतली हवा ऑक्सिजन गमावून बसलेली असते, तिला वास नसतो, आणि माणूस सावध व्हायच्या आत शुद्ध हरपते.

छोट्या चुका म्हणजे गुरांच्या कुरणातलं फाटक उघडं सोडणं आणि एप्रिलमध्ये कोकरांच्या शेतातून कुत्रा मोकळा नेणं. शेतकरी चिडतात आणि बरोबर चिडतात.

शेवटी वाडा

एल्सेकरहून पायवाटेने टेकडी चढून वेंटवर्थ गावात उतरा, तिथे दोन पब आहेत, मग उपवनातून वाड्याकडे. चढ धरून तासभर ठेवा. वाटेत दूरवर हूबर स्टँडचा मनोरा दिसत राहतो, दिशा चुकली तर तोच खुणेचा.

वाड्यात आतल्या दालनांचं मार्गदर्शन वेगळं, तिकीटही वेगळं. दालनांत दुसऱ्या मार्क्विस ऑफ रॉकिंगहॅमचं नाव ऐकाल. तो दोनदा पंतप्रधान झाला. महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने १७ मे १७८२ ला सालबाईचा तह झाला, तेव्हा लंडनमध्ये याच रॉकिंगहॅमचं मंत्रिमंडळ होतं. दीड महिन्यात, १ जुलैला तो वारला, मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळी जहागीर भाच्याकडे, चौथ्या अर्ल फिट्झविलियमकडे गेली. एल्सेकर उभं केलं ते या भाच्याने.

मग दर्शनी भाग सोडून मागच्या, पश्चिमेच्या बाजूला जा. १९४६ मध्ये इंधनमंत्री इमॅन्युएल शिनवेल यांच्या आदेशाने इथली बाग उकरून उघड्या खाणीतून कोळसा काढला, उत्खनन जवळजवळ घराच्या पायरीपर्यंत आलं. ढिगारे खिडक्यांसमोर उभे राहिले. जमिनीखालच्या जुन्या पोकळ्यांमुळे वाडाही खचला. दहावा अर्ल १९७९ मध्ये वारला आणि त्याच्यासोबत किताबही संपला. २०१७ मध्ये एका न्यासाने सत्तर लाख पौंडांना वाडा घेतला आणि तेव्हापासून छपरं बदलणं चालू आहे. भिंतींतल्या तिरक्या भेगा आणि त्यांवरची ठिगळं शोधा. दुपारी इंजिनघराची जाड भिंत पाहिली असेल, तर इथे जमीन कुणी पोकळ केली हे कुणाला विचारावं लागत नाही.

परतीसाठी पुन्हा एल्सेकर स्टेशन गाठायचं असेल तर वाड्यातून अंधार पडायच्या दीड तास आधी निघा.